थंडीतलं खुराडं

मंडळी, निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागांत रातोरात शेकोट्या पेटतात. परसातल्या कोंबड्यांसाठी मात्र आपण खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळतो आणि निर्धास्त झोपतो. आज मला जास्त बोलायचंय ते या प्लास्टिकबद्दलच.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. पिसं फुगवून ती ही ऊब धरून ठेवते. पिसं पुरती आलेली निरोगी कोंबडी आपल्याकडची थंडी सोसते. सोसत नाही ती ओल, आणि अंगावर थेट येणारा वारा. रात्रभर त्यांच्या श्वासातून, विष्ठेतून वाफ निघते. वाट मिळाली नाही की ती थंड पत्र्याला लागते, तिचं पाणी होतं आणि पहाटे खाली अंथरलेल्या भाताच्या तुसावर ठिबकतं. ओल्या तुसात अमोनिया तयार होतो. मग डोळे पाणावतात, घरघर लागते आणि आपण म्हणतो, थंडी बाधली!

म्हणून उत्तर-पूर्वेला गोणपाट लावा, पण पडदा खालून वर ओढता येईल असा बांधा. कोंबड्या बसतात त्या दांडीच्या वरपर्यंत तो यायला हवा. त्यावर, छपराखाली, वीतभर जागा दोन्ही बाजूंनी उघडी राहू द्या. तिथे बारीक जाळी ठोका, मुंगूस तेवढ्यातूनही शिरतं. सकाळी पडदा खाली सोडण्याआधी आत वाका, कोंबडीच्या उंचीला नाक न्या. डोळे चुरचुरले तर फट वाढवायची.

तूस इगतपुरीकडच्या भात गिरण्यांतून मिळतं. थंडीत थर पाच-सहा इंचांचा ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी पंजाने हलवा. मूठभर घेऊन दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. तेवढं काढून कोरडं घाला.

पिल्लांची गोष्ट वेगळी. पहिल्या आठवड्यात त्यांना ३३ ते ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय; चोच उघडून लांब पळाली तर बल्ब वर घ्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कृपा करून ठेवू नका. तिच्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. पिल्लं जातात, आणि शेजारी झोपलेलं माणूसही जातं.

डिसेंबरात दिवस अकरा तासांचा, म्हणून अंडी घटतात. बल्ब लावायचाच तर पहाटे लावा. रात्री एकदम विझला की कोंबड्यांना दांडी सापडत नाही. संध्याकाळी मूठभर मका, सकाळी कोमट पाणी. आणि जाळीतल्या मोकळ्या जागेत सोडायचं ते दव वाळल्यावर.

गोणपाट फेब्रुवारीत टाकून देऊ नका. एप्रिलच्या उन्हात तेच ओले करून पश्चिमेला लावायचे आहेत.