इंजिन ओरडते, पण बोट पळत नाही: दोष नेमका कुठे शोधावा?

नमस्कार. माझ्यामागे दिसते ती बेलापूरची खाडी. ओहोटी नुकतीच लागली आहे आणि काठाचा चिखल उघडा पडू लागला आहे. गेल्या हंगामात याच पाण्यात माझ्या बोटीचे 40 अश्वशक्तीचे आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले, इंजिन कर्कश ओरडत होते, काटा मिनिटाला 5800 फेऱ्यांवर गेला होता आणि बोट मात्र 9 नॉटच्या (ताशी सुमारे 17 किलोमीटरच्या) पुढे सरकायला तयार नव्हती. एका गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ झाला, प्लग बदलले गेले, आणि दोष होता तिथेच राहिला. इंजिनाचे झाकण काढण्याआधी फेरे आणि वेग हे दोन आकडे एकत्र वाचले असते, तर तो सारा खर्च वाचला असता. म्हणून आज हे वाचन कसे करायचे ते सविस्तर सांगतो.

आधी आकडे नीट घ्या. इंजिन तापू द्या, नेहमीइतकीच माणसे आणि पेट्रोल बोटीत ठेवा आणि जाळ्यांपासून दूर, खोल पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या. पूर्ण थ्रॉटलला किती फेरे अपेक्षित आहेत हे इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. आजच्या चार-स्ट्रोक आउटबोर्डांत हा पल्ला बहुधा 5000 ते 6000 च्या दरम्यान असतो. जीपीएस आपला वेग जमिनीच्या तुलनेत दाखवतो, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत ओहोटीच्या ओढीबरोबर धावणारी आजारी बोटसुद्धा धडधाकट वाटते. यासाठी एक फेरी ओढीबरोबर आणि एक ओढीविरुद्ध मारून दोन्ही वेगांची सरासरी धरावी.

आता थोडा हिशेब करू. बोटीला ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) पिच 13 इंच असेल, तर घन पदार्थात फिरल्यासारखा तो एका फेऱ्यात 13 इंच पुढे जाईल. इंजिनाचे 5500 फेरे आणि गिअरचे प्रमाण 2 धरले, तर पंखा मिनिटाला 2750 वेळा फिरतो आणि कागदावरचा वेग सुमारे 29 नॉट येतो. पाण्यात पंखा थोडा घसरतोच. पाण्यावर उचलून धावणाऱ्या छोट्या बोटीत 10 ते 15 टक्के घसरण मी नेहमीची मानतो, म्हणजे 25 नॉटच्या आसपास वेग मिळायला हवा. माझ्या बोटीला 9 मिळत होते. इंजिन आपले काम पुरेपूर करत होते, पण त्याची ताकद पाण्यापर्यंत पोहोचतच नव्हती.

[पंखा हातात घेऊन]

हा त्याच बोटीचा जुना पंखा. पाती आणि मधला दांडा यांच्यामध्ये रबराचा बुश बसवलेला असतो, तो इथे पाहा. पंखा खडकावर किंवा लाकडावर आपटला, तर हे रबर सरकते आणि गिअर वाचतात. रबर एकदा सैल झाले, की सावकाश चालवताना सारे ठीक वाटते, पण ताकद लावताच आतला दांडा मोकळा फिरतो. दिवाळे गावच्या एका तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य नाविक) मला एकच प्रश्न विचारला होता: हळू चालवल्यावर बोट नीट चालते ना? मी हो म्हणताच त्यांनी आतल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायला सांगितले. खाडीत एक चक्कर मारून आल्यावर पाहिले, तर रेघेचे दोन तुकडे बोटभर अंतराने वेगळे झाले होते. आपणही हेच करून पाहा. मात्र पंख्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करा, किल्ली काढा आणि किल-स्विचची, म्हणजे इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची, दोरी सोडवून घ्या.

फेरे फक्त वळणावर किंवा लाटेवर एकदम चढत असतील, तर पंखा हवा ओढतो आहे असे समजावे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर असावी.

याउलट, फेरे आणि वेग दोन्ही कमी पडत असतील, तर इंजिनावर ओझे जास्त आहे किंवा त्याची ताकद घटली आहे. ओझे आधी तपासा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. खाडीत आठवडेच्या आठवडे उभ्या असलेल्या बोटीच्या तळाला बार्नॅकल या चिकटून बसणाऱ्या कवचाच्या जीवांचा खरबरीत थर चढतो आणि पंख्याच्या पात्यांवरही तो बसतो. फळीखाली 100 लिटर पाणी साचले असेल, तर 100 किलो वजन आपण नकळत वाहत असतो. पंखा नुकताच बदलला असेल, तर त्याचा पिच पाहा. एका इंचाने पिच कमी केला, की साधारण 150 ते 200 फेरे वाढतात. पिच जास्त असलेले इंजिन चौथ्या गिअरमध्ये कसारा घाट चढणाऱ्या गाडीसारखे कण्हत राहते, आणि ते तसेच रेटणे इंजिनाला घातक ठरते.

फेरे अचानक उतरले आणि भोंगा वाजला, तर इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार पाहा. आपल्या खाडीतला गाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या या पाण्याची वाट अडवतात, आणि इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी फेरे आपोआप खाली आणते. ओहोटीच्या उथळ पाण्यात चिखल ढवळत पुढे जाण्याचा मोह टाळा, कारण त्या गाळाने पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (आतले फिरते चाक) झिजतो.

एक-दोन मिनिटे छान पळून इंजिन मरगळत असेल, तर इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा दाबा. दाबताच इंजिन सावरले, तर इंधनपंप कमजोर आहे किंवा नळीत कुठून तरी हवा शिरते आहे. फुगा चपटा होऊन तसाच राहिला, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायला विसरल्यानेही अगदी असेच होते.

[काचेची बाटली प्रकाशात धरून]

शेवटी पेट्रोल. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि बहुतेक आउटबोर्डांच्या पुस्तिकांत मर्यादा 10 टक्क्यांची असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात चार महिने बोट वर ओढून ठेवली आणि टाकीत पेट्रोल तसेच राहिले, तर इथेनॉल पाण्यासह तळाशी बसते. टाकीच्या तळातून काढलेला नमुना रात्रभर स्थिर ठेवल्यावर मध्ये अशी स्वच्छ आडवी रेघ दिसली, तर टाकी पूर्ण रिकामी करा आणि फिल्टर बदला. वरचे पेट्रोल चांगले दिसले तरी ते वापरू नका, कारण इथेनॉल खाली गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन आधीच उतरलेला असतो.