गांदोची शाळा

(दृश्य: जमीन चोपणाऱ्या बायका. मूळ आवाज दहा सेकंद.)

हा आवाज ओळखीचा वाटतो ना? आपल्याकडेही सारवण्याआधी जमीन अशीच चोपून घेत. इथे ताल धरून माती बसवली जातेय, मग ती दगडाने घासून गुळगुळीत होईल. गाव गांदो, देश पश्चिम आफ्रिकेतला बुर्किना फासो. आणि ही जमीन शाळेच्या वर्गाची.

(दृश्य: विटा पाडणारे तरुण)

फ्रान्सिस केरे इथल्या गावप्रमुखाचा मुलगा. गावात शाळा नव्हती, म्हणून सातव्या वर्षी त्याला घर सोडावं लागलं. पुढे सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर तो जर्मनीला गेला, बर्लिनमध्ये वास्तुकला शिकू लागला. शिकता शिकताच पैसे गोळा केले आणि २००१मध्ये गावात शाळा उभी राहिली.

मातीची म्हटल्यावर गाव नाराज झालं. माती पावसात वाहून जाते! पक्कं म्हणजे सिमेंट-काँक्रीट, ही समजूत काही आपलीच मक्तेदारी नाही. केरेंनी मातीची कमान बांधून तिच्यावर माणसं उभी केली. कमान हलली नाही. विटांच्या मातीत थोडंसं सिमेंट आहे. विटा दाबून केलेल्या, भट्टी नाही.

(दृश्य: कॅमेरा भिंतीवरून छताकडे)

आता वर बघा. पत्र्याची शाळा उन्हाळ्यात कशी तापते, हे मराठवाड्यात शिकलेल्यांना सांगायला नको. पत्रा इथेही आहे, पण वर्गावर टेकलेला नाही. खाली विटांचं छत, त्यात मुद्दाम ठेवलेल्या फटी. गरम हवा फटींतून वर जाते, आणि छत नि पत्र्यामधल्या मोकळ्या जागेतून वारा तिला घेऊन जातो. पत्रा भिंतींच्या बराच पुढे आलाय, म्हणून पाऊस मातीला लागत नाही. त्याला तोलून धरणारा सांगाडा साध्या सळयांचा. क्रेन इथवर आणणार कोण? गावच्याच पोरांनी करवतीने सळया कापल्या, छोट्या यंत्राने वेल्डिंग केलं.

शाळेत मुलांची संख्या वाढली, २००४मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला, नवे वर्ग झाले. २०२२मध्ये केरेंना प्रित्झ्कर, म्हणजे वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार. तो मिळवणारे आफ्रिकेतले ते पहिलेच.

(दृश्य: डोक्यावर मडकी घेतलेल्या बायकांची रांग)

ही मडकी पाण्यासाठी नाहीत, वाचनालयासाठी आहेत. कापून ती छताच्या काँक्रीटमध्ये बसवली. त्यांच्या तोंडांतून उजेड खाली येतो, गरम हवा वर जाते.

(दृश्य: जमिनीवर उन्हाचे गोल. निवेदन नाही.)