कूलर का खडखडतो, गाडी का घसरते: आत कोण ओढतंय?

[कूलरसमोर. पुढची जाळी काढलेली, प्लग बाहेर]

नमस्कार मंडळी! नागपुरात पारा ४५ कडे सरकला की कूलर दिवस-रात्र चालतो. आणि मग एक दिवस तो खडखडायला लागतो. मिस्त्री येतो, सांगतो, "बुश गेला." बुश म्हणजे मोटरचा शाफ्ट, तो फिरता दांडा, ज्यात फिरतो ती धातूची नळी. बरोबर आहे त्याचं. पण बुश गेला काहून?

[पात्याचा क्लोजअप]

हे पातं बघा. पाण्याचे थेंब उडाले, वाळले, पांढरा क्षार बसला, त्यावर धूळ चिकटली. समजा या एका पात्याच्या टोकाला बाकीच्यांपेक्षा १० ग्रॅम थर जास्त आहे. पंखा १८ इंची, म्हणजे टोक मध्यापासून २३ सेंटीमीटरवर. मोटर मिनिटाला साधारण १४०० फेरे मारते. कोनीय वेगाचा, म्हणजे सेकंदाला किती कोन फिरतो त्याचा, वर्ग गुणिले त्रिज्या असा हिशेब केला, तर टोकाशी त्वरण येतं गुरुत्वत्वरणाच्या ५०० पट. म्हणजे त्या १० ग्रॅमला गोल फिरतं ठेवायला पात्याला ५ किलो वजनाइतक्या जोराने आत, म्हणजे मध्याकडे, ओढत राहावं लागतं. तेवढ्याच जोराने तो थर पात्याला उलट ओढतो, आणि ही ओढ शाफ्टभोवती सेकंदाला २३ वेळा फिरते. बुश टिकणार कसा?

उपाय सोपा आहे. नुसतं बटन बंद करू नका, प्लग काढा. लोखंडी बॉडी आणि पाणी, इथे धाडस नको. पंखा पूर्ण थांबला की सगळी पाती, दोन्ही बाजूंनी, व्हिनेगर लावलेल्या ओल्या फडक्याने पुसा. एकच पातं चकाचक करून बाकीची तशीच सोडलीत, तर तोल आणखी बिघडेल. मग प्रत्येक पात्यावर खडूने नंबर टाका आणि हाताने हलकेच फिरवून सोडून द्या. असं पाचेक वेळा. दर वेळी तेच पातं खाली येऊन थांबलं, तर ते अजून जड आहे. पातं वाकलं असेल तर मात्र या चाचणीत ते कळेलच असं नाही. त्यासाठी चौकटीवर एक पट्टी टेकवून धरा आणि प्रत्येक पात्याचं टोक तिच्यापासून किती अंतरावरून जातं ते मोजा.

आता मूळ मुद्दा. फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते असं आपल्याला वाटतं. पण तिला बाहेर जायची हौस नसतेच, तिला सरळ जायचं असतं. गोफण आठवा. एक दोरी सुटली की दगड दोरीच्या रेषेत बाहेर जात नाही, दोरीशी काटकोन करून, म्हणजे स्पर्शिकेच्या दिशेने निघतो. ॲनिमेशनवाले इथे हमखास चुकतात. अपकेंद्री बल खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते फिरणाऱ्याच्या आत बसून मांडलेल्या हिशेबात येतं, आणि आपण आज बाहेर उभे राहून बघतोय. बाहेरून एकच प्रश्न विचारायचा: आत कोण ओढतंय? त्या ओढीलाच अभिकेंद्री बल म्हणतात.

कपडे पिळणाऱ्या स्पिनरमध्ये ड्रमची भिंत कपड्याला आत दाबते. पाण्याला भोक सापडतं, तिथे आत दाबणारं कोणी नसतं, ते सरळ निघून जातं. बास, एवढंच.

[रस्त्याच्या कडेला, वळणाजवळ]

दुचाकी वळवताना आत ओढणारं कोण? रस्ता आणि टायर यांच्यातलं घर्षण. दुसरं कोणीच नाही. २० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी ३० किलोमीटरला घर्षणाकडून गाडीच्या वजनाच्या ३५ टक्के जोर लागतो, ४० ला ६३ टक्के. वेग वाढला एक तृतीयांश, जोर वाढला ७८ टक्के, कारण इथे वेगाचा वर्ग येतो. कोरड्या सिमेंट रस्त्यावर दोन्ही निभतं. जूनच्या पहिल्या सरीत धूळ आणि सांडलेलं ऑइल यांचा चिखल झाला, घर्षण गुणांक ०.४ वर आला, म्हणजे वजनाच्या जास्तीत जास्त ४० टक्केच घर्षण मिळायला लागलं, की ३० वाला जेमतेम वळतो आणि ४० वाला सरळ जातो. बाहेर नाही, सरळ!

डबल सीट असलात तरी हा हिशेब बदलत नाही, वजन दोन्ही बाजूंनी कटतं. बदलतो तो ब्रेकने. टायरची पकड ठरावीक असते. तिच्यातली काही ब्रेकने खाल्ली की वळायला उरते ती कमीच. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही.

जत्रेतला मौत का कुआं बघताना काळीज हलतं, पण तिथला आकडा पाहून हसू येईल. आत दाबते ती लाकडी भिंत, आणि त्या दाबामुळे मिळणारं घर्षण गाडीला खाली घसरू देत नाही. त्रिज्या ५ मीटर, घर्षण गुणांक ०.७ धरला, तर किमान वेग ताशी ३० किलोमीटर. वर्धा रोडला कोणीही चालवतं तेवढा! धोका वेगात नाही, वेग कमी होण्यात आहे. इंजिनाने आचका दिला की भिंतीचा दाब कमी, घर्षण कमी, आणि गाडी खाली.

[पाठीमागे फिरत्या चाकासारख्या अवकाशस्थानकाचं चित्र]

सिनेमात अवकाशस्थानक चाकासारखं फिरतं आणि माणसं कडेवर आरामात चालतात. तत्त्व बरोबर आहे, जमीनच त्यांना मध्याकडे ढकलते. गडबड असते आकारात. मिनिटाला २ फेरे घेऊन पृथ्वीइतकं वजन हवं असेल, तर त्रिज्या २२४ मीटर लागते. चाक ५ मीटर त्रिज्येचं केलंत तर मिनिटाला १३ पेक्षा जास्त फेरे, नुसती डोकं फिरवायची सोय. शिवाय पायाशी पूर्ण गुरुत्व आणि १.७ मीटर वर डोक्याशी फक्त ६६ टक्के.

त्या छोट्या चाकाची कड सेकंदाला ७ मीटरने धावते. तुम्ही तेवढ्याच वेगाने उलट दिशेला पळालात, म्हणजे १०० मीटर साधारण १४ सेकंदांत, तर बाहेरून पाहणाऱ्याला तुम्ही जागच्या जागी दिसाल. गोल फिरणंच नाही, मग आत ढकलायची गरजही नाही. पळता पळता पाय जमिनीवरून सुटतील आणि तुम्ही तरंगाल.