क्वार्टरबॅकचा हात : किती जोर पुरतो?

[दृश्य : टेक्सासमधल्या एका हायस्कूलचं मैदान. दिवे लागलेत. कॅमेरा गवतावरच्या पांढऱ्या खुणांवर.]

अमेरिकन फुटबॉलचं मैदान 160 फूट रुंद असतं. त्यावर लांबीभर आखूड रेघांच्या दोन ओळी दिसतात. हे हॅश मार्क. आधीचा डाव, म्हणजे चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंतची एक चाल, कडेला जाऊन संपला, तर पुढच्या डावासाठी चेंडू या ओळीवर आणून ठेवतात. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये दोन ओळींत साडेअठरा फुटांचं अंतर असतं. हायस्कूलमध्ये ते 53 फूट 4 इंच, म्हणजे मैदानाचे सरळ तीन भाग. क्वार्टरबॅक म्हणजे डाव चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू. त्याच्या हातात किती ताकद हवी, हा वाद इथूनच समजून घ्यायला हवा. कारण मैदानाच्या पलीकडच्या कडेला टाकायची सगळ्यात लांब फेक पगारी खेळाडूच्या नाही, चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या वाट्याला येते.

[दृश्य : वरून मैदान. डाव्या हॅशपासून उजव्या साइडलाइनपर्यंत तिरकी रेघ उमटते.]

समजा, चेंडू डाव्या हॅशवर आहे. उजव्या कडेचा रिसीव्हर, म्हणजे फेक झेलणारा खेळाडू, 10 यार्ड (एक यार्ड म्हणजे तीन फूट) सरळ धावतो आणि साइडलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे वळतो. हा आउट रूट. क्वार्टरबॅक मागे सरकून, डाव जिथून सुरू झाला त्या रेषेपासून 7 यार्डांवर थांबलाय. म्हणजे चेंडूला पुढे 17 यार्ड आणि आडवं सुमारे 33 यार्ड जायचंय. तिरकं अंतर 37 यार्ड. संघाला मिळणार 10 यार्ड, हाताला पडणार 37. तीच फेक जवळच्या हॅशवरून टाकली, तर 23 यार्डांत काम होतं.

आता वेग. हवेचा अडथळा आणि चेंडूची कमान बाजूला ठेवली, तर ताशी 50 मैलांनी निघालेला चेंडू 37 यार्डांना दीड सेकंद घेतो. ताशी 40 मैलांनी निघालेला, 1.9 सेकंद. फरक चार दशांश सेकंदाचा. तेवढ्यात सेकंदाला 7 यार्ड धावणारा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा बचावपटू, अडीच यार्डांहून जास्त जवळ येतो. मग चेंडू त्याच्या हातात, आणि त्याच्यासमोर सगळं मैदान मोकळं.

हे चार दशांश भरून काढायचे दोन मार्ग आहेत. एक, चेंडू जोरात फेकणं. दुसरा, लवकर फेकणं. रिसीव्हर वळण्यासाठी आतला पाय रोवतो, त्या क्षणी चेंडू हातातून सुटायला हवा. रिसीव्हर अजून मोकळा झालेला नसतो, तसा दिसतही नसतो. बहुतेक नवशिके तो वळलेला दिसेपर्यंत थांबतात आणि मग उशीर दंडाच्या जोरावर भरून काढायला जातात. प्रेक्षकांत लगेच कुजबुज होते, पोराच्या हातात दम नाही. दम असतो, पोरगा उशीर करतो.

[दृश्य : जुनी छायाचित्रं.]

क्वार्टरबॅक जामार्कस रसेल 2007च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, सगळ्यात आधी निवडला गेला. त्याच्या हाताविषयी कुणालाच शंका नव्हती. तीन हंगामांत गुण मिळवून देणाऱ्या 18 फेकी (टचडाउन) आणि प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या 23 (इंटरसेप्शन), आणि कारकीर्द संपली. चॅड पेनिंग्टनच्या उजव्या खांद्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्याचे चेंडू तरंगत जायचे, हे सगळ्या लीगला ठाऊक होतं. 2007मध्ये 16 पैकी एकच सामना जिंकलेला मायामी डॉल्फिन्सचा संघ त्याने 2008मध्ये 11 विजयांपर्यंत नेला.

जॉश ॲलनचं उदाहरण जास्त बोलकं आहे. 2018च्या पहिल्या मोसमात त्याच्या 52.8 टक्के फेकी पूर्ण झाल्या, 2020मध्ये 69.2 टक्के. 2020मध्ये स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर संघात आला, हे खरंच. पण फेकीतला पाय आणि खुब्यांचा क्रमही बदलला होता. हात मात्र पहिल्या दिवसापासून तोच होता.

म्हणून जोर बिनकामाचा ठरत नाही. जोर असेल तर चूक पोटात घालता येते. नसेल तर प्रत्येक फेक वेळेवरच सुटायला लागते.

[दृश्य : उजवखोरा खेळाडू, बाजूने. संथ गती.]

हा जोर येतो कुठून? वजन उजव्या पावलाच्या आतल्या कडेवर. डावा पाय लक्ष्याच्या दिशेने जेमतेम वीतभर पुढे पडतो, लक्ष्याकडे जाणाऱ्या रेषेच्या किंचित डावीकडे. आधी खुबा फिरतो, खांदा क्षणभर मागे राहतो. या मागे राहण्यातच सगळी ताण साठते. कोपर खांद्याच्या उंचीवर, डावा हात बरगडीशी आवळलेला. चेंडूवरून सगळ्यात शेवटी सुटते ती तर्जनी. अंगठा जमिनीकडे वळतो आणि हात डाव्या खिशापाशी येऊन थांबतो.

पाऊल लांब पडलं, की धड मागे राहतं आणि चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. पाऊल रेषेच्या उजवीकडे पडलं, की खुबा अडकतो आणि दंड एकटाच राबतो. कोपर खाली आलं, की चेंडू ढकलला जातो, त्याचं टोक वर उठतं आणि तो डगमगत जातो. डगमगणारा चेंडू हवेत वेग गमावतो. ताकद कमी म्हणून हिणवलेल्या पोरांपैकी कित्येकांची अडचण एवढीच असते.

डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनोतल्या मराठी घरांत एक गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून चेंडू फेकणाऱ्या क्षेत्ररक्षकाला चार पावलं धावायला मिळतात आणि हातातला चेंडू फार तर 163 ग्रॅमचा असतो. क्वार्टरबॅकचा चेंडू 400 ग्रॅमच्या आसपास, आणि पाय टाकायला जागा सतरंजीएवढी.

चेंडूच्या मापातही घोळ होतो. 9 ते 12 वर्षांसाठी ज्युनिअर, 12 ते 14 साठी यूथ माप मिळतं. वडील हौसेने मोठा आणतात. मग करंगळी-अनामिका लेसवर, म्हणजे चेंडूवरच्या शिवणीच्या दोऱ्यांवर पोचत नाहीत, चेंडू तळव्यात रुततो, मनगट गोठतं आणि कोपर आपोआप खाली येतं. तळवा आणि चेंडू यांच्यामध्ये थोडी फट दिसलीच पाहिजे.

[दृश्य : खांद्याचा एक्स-रे.]

दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी ही काळसर रेघ दिसतेय, ती वाढीची चकती, हाड जिथून वाढतं ती जागा. मुलांमध्ये ती साधारण 16 ते 18व्या वर्षापर्यंत उघडी असते, आणि अतिवापराने आधी तीच दुखावते. फेकताना दंडाच्या वरच्या, बाहेरच्या बाजूला दुखतं. उपाय म्हणजे विश्रांती, बहुधा तीन महिन्यांची.

बेसबॉलमध्ये 13-14 वर्षांच्या मुलाने दिवसाला 95च्या वर पिच टाकू नयेत, अशी सर्वमान्य मर्यादा आहे. फुटबॉलमध्ये तितकी रूढ झालेली मोजणी नाही. सामन्यात फेकी कमीच असतात, म्हणून कुणी मोजत नाही. पण उन्हाळ्यातल्या सेव्हन-ऑन-सेव्हन, म्हणजे सात विरुद्ध सात खेळाडूंच्या स्पर्धांत एका दिवसात अनेक सामने होतात आणि जवळपास प्रत्येक डाव फेकीचाच असतो. तोच मुलगा वसंतात बेसबॉलचा पिचर असेल, तर खांद्याला सुट्टीच नाही. त्यामुळे वहीत रोजच्या फेकी लिहा, जोरातल्या वेगळ्या. नेहमीपेक्षा जड फुटबॉल फेकण्याचे प्रयोग या वयात नकोच.

ताकद वाढवायची तर पाय आणि पाठीपासून. स्क्वॉट, लांब उडी. दोन-तीन किलोचा मेडिसिन बॉल कमरेपासून वळून भिंतीवर, प्रत्येक बाजूने सहा-सहाचे तीन सेट. काखेत टॉवेलची गुंडाळी धरून रबर बँड बाहेर ओढणं, पंधराचे दोन सेट, आठवड्यातून तीनदा. बेंच प्रेसचं वेड आवरा. नुसती छाती भरली, की खांदा पुढे झुकतो.

[दृश्य : प्रशिक्षक खेळाडूच्या मागे, हातात डावांची यादी.]

प्रशिक्षकाला हंगामाआधी एक चाचणी पुरते. लांबच्या हॅशवरून पाच आउट. तीन चेंडू रिसीव्हरच्या छातीशी सरळ रेषेत पोचले, तर डाव यादीत राहतो. नाहीतर आउट फक्त जवळच्या बाजूला. लांबच्या बाजूला क्वार्टरबॅकलाच धावत पाठवायचं. तो 12 यार्ड उजवीकडे सरकला, की आडवं अंतर 33चं 21 होतं आणि 37 यार्डांची फेक 27वर येते. डावीकडे हे इतकं सोपं नाही. उजवखोऱ्याला धावता धावता खुबे लक्ष्याकडे वळवावे लागतात, नाहीतर चेंडू रिसीव्हरच्या पायाशी पडतो. त्यामुळे नवव्या इयत्तेच्या संघात हा डाव सहसा उजवीकडेच ठेवलेला बरा.