डाग काढायची गन

(क्लोजअप : पांढरा शर्ट, बाहीवर काळा डाग)

शिलाई मशीनच्या तेलाचा एवढासा डाग. पण एक्स्पोर्टच्या मालात तो खपत नाही. चेकिंगवरून पीस परत फिरतो आणि फिनिशिंगच्या या कोपऱ्यात येतो.

हात बघा. डागाखाली आधी पांढरं फडकं सरकवलं. मग द्रावण फवारणारी गन, कडेकडेने, बाहेरून आत. मधूनच सुरुवात केली तर डाग पसरतो आणि भोवती कड राहते. फवारा, जरा थांबा, पुन्हा फवारा. तेल विरघळून फडक्यात उतरतं, द्रावण उडून जातं. पाण्याला हे जमत नाही.

पूर्वी या गनमध्ये कार्बन टेट्राक्लोराइड असायचं. धंद्यातलं नाव सीटीसी. पाण्यासारखं नितळ, चटकन उडणारं आणि पेट न घेणारं. एके काळी ते आग विझवायच्या नळकांड्यांतही भरत. यकृताला आणि मूत्रपिंडांना ते घातक, हे फार जुनं ज्ञान. बंदी मात्र आली ती ओझोनच्या काळजीने.

(ॲनिमेशन : वर चढणारी वाफ)

उडालेलं सीटीसी खालच्या हवेत मोडत नाही. वर्षानुवर्षं टिकून ते ओझोनच्या थरापर्यंत पोचतं. तिथे अतिनील किरणांनी त्यातला क्लोरीन सुटतो आणि ओझोन फोडत राहतो. ओझोन वाचवायचा मॉन्ट्रियल करार 1987चा. सीटीसी त्यात आलं 1990च्या लंडन दुरुस्तीने. भारत 1992मध्ये सामील झाला, देशातले नियम 2000 साली निघाले. 2005पर्यंत 85 टक्के कपात आणि 2010पासून असा वापर बंद. दुसरी रसायनं बनवायला कच्चा माल म्हणून सीटीसी आजही चालतं.

मग आता गनमध्ये काय? हा डबा बघा. ट्रायक्लोरोइथिलीन. खालच्याच हवेत काही दिवसांत मोडतं, म्हणून कराराच्या यादीत नाही. त्याने माणसाला कर्करोग होतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2012मध्ये ठरवलं. अमेरिकेने डिसेंबर 2024मध्ये त्यावर बंदीचा नियम जाहीर केला.

(कॅमेरा वर : एक्झॉस्ट पंखा)

या खोलीत एक्झॉस्ट आहे, पण छताला लागून. ट्रायक्लोरची वाफ हवेच्या साडेचार पट जड. ती टेबलावरून खाली उतरते, बसलेल्या माणसाच्या मांडीवर. ओढणारा पंखा टेबलाखाली हवा. पलीकडच्या युनिटमध्ये तो तसा बसवलाय. जाळीचं टेबल, खाली पाइप, पाइप थेट भिंतीबाहेर. पुढचं चित्रण तिथलं.