काकाजी थांबायचे ती जागा

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन.)

प्रार्थना झाली, उदबत्तीचा वास अजून आहे आणि उद्या पहाटे तुमच्यापैकी निम्म्या लोकांना वेचणीला जायचं आहे. तरी तुम्ही बसलात, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. आधी माझ्या काकाजींबद्दल सांगतो. कारण अंजायना हा हृदयाचा आजार मी शिकलो तो पुस्तकातून, पण मला तो कळला काकाजी गेल्यावर.

आमचं वावर घरापासून दीड किलोमीटरवर. निघालं की आधी मारुतीचा पार, मग नाला, नाल्यापलीकडे चढ आणि चढाच्या डोक्यावर मोहाचं झाड. काकाजी हे अंतर खांद्यावर वखराची पास घेऊनसुद्धा एका दमात चालत. एका उन्हाळ्यात ते मोहाच्या झाडाखाली थांबायला लागले. दोन-तीन मिनिटं उभे राहायचे आणि पुढे निघायचे. पेरणीच्या वेळेला ते नाल्यावरच थांबू लागले. पोळ्याच्या आधी तर मारुतीच्या पारापाशी. पार घरापासून दोनशे पावलांवर आहे. घरचे म्हणत, "थकले आता काकाजी." ते स्वतः म्हणत, "काही नाही बा, गॅस धरते छातीत." ओवा आणि काळं मीठ खायचे. एका डॉक्टरांनी त्यांना पित्ताच्या गोळ्याही दिल्या होत्या.

मी तेव्हा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुटीत घरी आलो होतो आणि त्यांच्यासोबत वावरात निघालो. नाल्यावर ते थांबले. एका हातात काठी, दुसऱ्या हाताची मूठ छातीच्या मधोमध दाबून धरलेली, कपाळावर घाम. मी बाजूला उभा राहून परीक्षेच्या गोष्टी सांगत होतो. हृदयाच्या धमन्यांची नावं मला तोंडपाठ होती. आजार माझ्यापासून दोन हातांवर उभा होता आणि मी त्याला ओळखलं नाही. पोळ्याच्या दोन दिवस आधी पहाटे बैलांना वैरण टाकताना काकाजी गोठ्यातच गेले.

आज मी जे सांगणार आहे, ते त्या नाल्यावर कुणी मला सांगितलं असतं तर, असं अजूनही वाटतं.

अंजायना म्हणजे हार्ट अटॅक नव्हे. हृदयाच्या स्नायूला त्या क्षणी हवं तेवढं रक्त मिळत नाही, म्हणून तो जी तक्रार करतो ती अंजायना. अटॅकमध्ये रक्त इतका वेळ अडतं की स्नायूचा तुकडा मरतो. अंजायनात स्नायू उपाशी राहतो, पण जिवंत असतो. म्हणजे काही करायला वेळ असतो.

हृदय दिवसाला सुमारे 1 लाख वेळा आकुंचन पावतं. सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूला स्वतःचं रक्त मात्र बाहेरून गुंडाळलेल्या बारीक धमन्यांतूनच मिळतं. डावी आणि उजवी अशा दोन मुख्य धमन्या, आणि डावीच्या पुन्हा दोन मोठ्या फांद्या. हातापायाचे स्नायू आरामात असताना रक्तातला थोडाच ऑक्सिजन घेतात, कामाला लागले की जास्त ओढून घेतात. हृदयाकडे ती शिल्लक नसते. ते बसल्या जागीसुद्धा आपल्या वाट्याच्या रक्तातला बहुतेक ऑक्सिजन काढून घेतं. त्यामुळे मेहनत वाढली की त्याला एकच मार्ग उरतो : जास्त रक्त. निरोगी धमन्या तेव्हा चार-पाच पट रक्त वाहून नेतात. अरुंद झालेल्या धमनीला ते जमत नाही.

संत्र्याच्या बागेत ठिबक असणाऱ्यांना हे लवकर समजेल. खाऱ्या पाण्याने ड्रीपर अर्धा चोक झाला, तर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात झाडाकडे पाहून काही कळत नाही. मे महिन्याच्या दुपारी मात्र तेच झाड पानं गुंडाळून घेतं आणि संध्याकाळी ऊन उतरलं की परत सावरतं. सकाळी पाहणारा म्हणतो, झाड चांगलं आहे. अंजायनाचा माणूसही दवाखान्यात खुर्चीवर बसलेला असतो तेव्हा असाच चांगला दिसतो. एक फरक मात्र लक्षात ठेवा. ड्रीपर ॲसिडने साफ होतो, धमनी साफ करणारं असं कोणतंही चूर्ण, काढा किंवा रस नाही. बाजाराच्या दिवशी "नसा मोकळ्या करतो" म्हणून बाटल्या विकणाऱ्यांवर पैसे आणि महिने घालवून लोक माझ्याकडे येतात. पैशांपेक्षा मला त्या गेलेल्या महिन्यांचं वाईट वाटतं.

या दुखण्याचं वर्णन इंग्लंडच्या विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरांनी 1768 मध्ये एका व्याख्यानात केलं आणि 1772 मध्ये ते छापून आलं. त्यांच्याकडे ईसीजी नव्हता, रक्ताची तपासणी नव्हती, स्टेथोस्कोपसुद्धा नव्हता. त्यांनी फक्त रोग्यांचं ऐकलं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवल्यावर, छातीत आवळतं आणि उभं राहिलं की जातं, असं त्यांनी लिहिलं. अंजायना हा शब्दच गळा आवळण्याच्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला. अडीचशे वर्षं झाली. आजही निदानाचा पाया तोच आहे, तुम्ही काय सांगता तो.

म्हणून दवाखान्यात जाऊन "छाती दुखते" एवढंच सांगू नका. कुठे दुखतं ते दाखवा. एका बोटाने नेमकी जागा दाखवणारा आणि मूठ किंवा पंजा छातीवर ठेवणारा, यांत फरक असतो. अंजायनात माणूस बहुधा दुखतं म्हणतच नाही. भरून येते, दाबल्यावानी होते, ओझं ठेवल्यागत वाटते, जळजळते, असं म्हणतो. ते डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात, पाठीत जातं. कधी छातीत काहीच नसतं आणि नुसता जबडा नाहीतर हात दुखतो. पोटाच्या वरच्या भागातही येतं, म्हणून गॅसचा समज होतो. दाबल्यावर दुखणारं, सुई टोचल्यासारखं क्षणभर येऊन जाणारं किंवा खोल श्वास घेतल्यावर वाढणारं दुखणं बहुतेक वेळा दुसऱ्या कारणाचं असतं. पण तो निर्णय तपासणाऱ्याचा, शेजाऱ्याचा नाही.

पुढचं सगळ्यात महत्त्वाचं. केव्हा येतं आणि केव्हा जातं? चाललं, चढलं, ओझं उचललं, रागावलं, थंडीत भरल्या पोटी निघालं की येतं, आणि थांबलं की काही मिनिटांत जातं. हे एक वाक्य डॉक्टरांच्या कानावर गेलंच पाहिजे. आणि किती चालल्यावर? किलोमीटर सांगू नका, गावातली जागा सांगा. शाळेपर्यंत, पाण्याच्या टाकीपर्यंत, मोहाच्या झाडापर्यंत. मागच्या महिन्यात कुठे थांबत होता आणि आता कुठे थांबता, तेही सांगा. ती जागा घराकडे सरकत असेल, तर तो अंजायना अस्थिर झाला. नव्याने सुरू झालेला, आरामात असताना येणारा, रात्री झोपेतून उठवणारा किंवा वाढत चाललेला अंजायना म्हणजे अटॅकची पायरी समजा. त्याच दिवशी दवाखाना गाठा. तूर निघाल्यावर जाऊ, असं म्हणायचं नाही.

काही जणांना कळ येतच नाही. मधुमेह जुना असलेले, वयस्कर माणसं आणि बऱ्याच बायका. त्यांना फक्त दम लागतो, थकवा येतो, मळमळतं. "पूर्वी इतकं काम होत होतं, आता होत नाही" हीच त्यांची तक्रार असते, आणि घरात ती कुणी ऐकून घेत नाही.

धमन्या अरुंद का होतात? आतल्या अस्तरात वर्षानुवर्षं चरबीचा थर बसतो. वय, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, वडिलांना 55 च्या आत किंवा आईला 65 च्या आत हृदयविकार झालेला असणं, ही कारणं तुम्ही ऐकली असतील. आपल्या भागातलं एक कारण मात्र मला वेगळं सांगायचं आहे. खर्रा. सकाळी उठल्याबरोबर पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा गालात जातो आणि वावरातून घरी येईपर्यंत तीन-चार पुड्या संपतात. खर्ऱ्याने तोंडाचा कॅन्सर होतो हे आता लोकांना ठाऊक आहे. पण धूर नाही म्हणून हृदयाला धोका नाही, ही समजूत चुकीची आहे. तंबाखूतलं निकोटीन गालातूनही रक्तात जातं, ठोके वाढवतं, दाब वाढवतं, धमन्या आवळतं. म्हणजे हृदयाची मागणी वाढते आणि पुरवठा कमी होतो, दोन्ही एकाच वेळी. माझ्याकडे चाळिशीच्या आतले कास्तकार येतात, अंगावर चरबीचा कण नाही, दिवसभर राबणारे, आणि खिशात खर्रा. मेहनती माणसाला हृदयविकार होत नाही, असं कृपा करून मानू नका.

धमन्या बऱ्या असूनही अंजायना येऊ शकतो. रक्त अगदी कमी असेल, हिमोग्लोबिन 6-7 वर आलं असेल, तर रक्त पोचतं पण त्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो. आपल्याकडे रक्तक्षयाच्या बाया इतक्या आहेत, सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे, म्हणून हे विसरून चालत नाही. थायरॉईड वाढलेला असणं, हृदयाची झडप आकसणं हीही कारणं. काहींच्या धमनीला पेटका येतो, तोही बसल्या जागी, बऱ्याचदा पहाटे. काहींच्या मोठ्या धमन्या साफ असतात, दोष बारीक रक्तवाहिन्यांत असतो, आणि हे बायकांत जास्त दिसतं. अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांची चित्रं काढणारी तपासणी, साफ आली म्हणून "तुले काही नाही, डोक्यातलं आहे" असं त्या बाईला म्हणणं अन्याय आहे.

आता तपासण्या. डॉक्टर नाडी, रक्तदाब पाहतील, डोळ्याची पापणी खाली ओढून रक्त किती आहे ते पाहतील, हृदयाचा आवाज ऐकतील. रक्तात हिमोग्लोबिन, साखर, कोलेस्टेरॉल, किडनी, गरज वाटली तर थायरॉईड. मग ईसीजी. इथे मोठी फसगत होते. स्थिर अंजायनाच्या जवळपास निम्म्या रोग्यांचा ईसीजी आरामात असताना अगदी साफ येतो. संत्र्याचं झाड सकाळी पाहिल्यासारखं आहे ते. ईसीजी साफ म्हणजे हृदय साफ, असं नाही. कळ चालू असताना काढलेल्या ईसीजीला जास्त किंमत आहे. आराम करूनही कळ थांबत नसेल, तर ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी करतात. स्नायू मरायला लागला की ते रक्तात उतरतं, पण त्याला काही तास लागतात, म्हणून ती पुन्हा करावी लागते. पुन्हा सुई टोचली म्हणून डॉक्टरांवर चिडू नका.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तीत हृदयाची ताकद आणि झडपा दिसतात. ट्रेडमिलवर मुद्दाम दुपारचं ऊन दाखवतात. दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात आणि ईसीजी पाहत राहतात. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांना औषध देऊन हृदयावर ताण आणतात. सीटी अँजिओग्राफीत शिरेतून रंग देऊन धमन्यांची चित्रं काढतात. आणि शेवटी नेहमीची अँजिओग्राफी, बहुधा मनगटातून बारीक नळी घालून. अडथळा साधारण 70 टक्क्यांच्या वर असेल तर मेहनतीत रक्त कमी पडतं, असं धरलं जातं. डाव्या मुख्य धमनीत 50 टक्केही गंभीर. प्रत्येकाला स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, लागत नाही. स्थिर अंजायनाचे पुष्कळ रोगी गोळ्यांवर, खर्रा सोडून, नेमाने चालून चांगले राहतात. स्टेंट किंवा बायपास लागलाच, तर दोन्ही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. वावर गहाण टाकायच्या आधी रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

अंजायनाची कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळीबद्दल थोडं. डॉक्टरांनी ती दिली असेल तर बसून घ्यायची, उभ्याने नाही, दाब उतरून माणूस पडतो. लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर ही गोळी घ्यायची नाही, आणि ते डॉक्टरांना लाज न बाळगता सांगायचं. आराम करून, गोळी घेऊन 5 मिनिटांत कळ जात नसेल, घाम फुटला असेल, तर 108 ला फोन लावा. मोटरसायकल स्वतः चालवत जायचं नाही, रोग्याला मधे बसवून तिघांनीही जायचं नाही.

मावशी, तुम्ही मघापासून हात वर करता आहात. बोला. काय म्हणता, पऱ्हाटीतून कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्यावर आलं की जबडा दुखतो? आणि गाठोडं खाली ठेवलं की थांबतो? दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली तरी? कधीपासून? दिवाळीपासून. आणि आधी कुठपर्यंत यायच्या, बंडीपर्यंत? आता अर्ध्या ओळीतच?

मावशी, उद्या वेचणीला जायचं नाही. रोजी बुडेल, मला कळतं. सकाळी मीच तुम्हाला माझ्या गाडीत घेऊन जातो. ईसीजी काढू, रक्त तपासू. आणि ईसीजी साफ आला तरी तुम्हाला परत पाठवणार नाही. तुमचा मुलगा कोणता? ये रे बाबा, इकडे ये, जरा माझ्याजवळ बस.