ठाण्याच्या किल्ल्यातलं गाणं

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईकरांच्या तोंडी एल्फिन्स्टन हे नाव वर्षानुवर्षं आहे. कॉलेजचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनवरून, स्टेशनचं मात्र त्याच्या पुतण्यावरून. त्या स्टेशनाचं आता प्रभादेवी झालं, फार चांगलं झालं. स्टेशनाला तिथल्याच देवीचं नाव शोभतं.

तर हा माउंटस्टुअर्ट. जन्म १७७९ चा. सोळाव्या वर्षी कंपनीच्या नोकरीत इथे आला, असईच्या लढाईत वेलस्लीच्या बरोबर होता, आणि १८११ मध्ये पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील झाला.

१८१५ साली पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून झाला. संशय पेशवे दुसऱ्या बाजीरावांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर. एल्फिन्स्टन हटून बसला, त्रिंबकजी आमच्या ताब्यात द्या. शेवटी दिले, आणि ठाण्याच्या किल्ल्यात कोंडले. आज जिथे ठाण्याचं कारागृह आहे ना, तोच किल्ला.

आता ऐका. फितुरी नको म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा. ध्यानात ठेवा, सगळा गोऱ्यांचा! किल्ल्यातल्या एका साहेबाकडे एक मोतद्दार नोकरीला लागला. रोज त्रिंबकजींच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करायचा आणि गायचा. झुडपामागे तिरंदाज दडलेत, झाडाखाली घोडा उभा आहे. पंचावन्न घोडे, स्वार चोपन्नच. पंचावन्नावा मांड टाकील तेव्हा दख्खन पुन्हा बहरेल! पहारेकरी शेजारीच उभे. शब्द न् शब्द कानावर पडतोय, पण मराठी येतंय कुणाला? सप्टेंबर १८१६, पावसाळी रात्र. भिंतीला भोक पाडून त्रिंबकजी पसार. पहारा गोऱ्यांचा होता, म्हणूनच सुटले. ज्या मुलखात नोकरी करायची, त्या मुलखाची भाषा यायलाच हवी. हे मी आजच्या अधिकाऱ्यांनाही कळकळीनं सांगतो.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. ५ नोव्हेंबर १८१७, खडकीची लढाई. संगमावरचा एल्फिन्स्टनचा बंगला जळाला, पुस्तकांसकट. पेशवाई गेली. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, ती त्याच्याच काळात. गव्हर्नर जनरलचं पद पुढे चालून आलं, ते त्याने नाकारलं.

त्रिंबकजी पुन्हा पकडले गेले आणि चुनारच्या किल्ल्यात वारले. ते गाणं बिशप हेबरनं इंग्रजी पद्यात उतरवून ठेवलं आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी, एखाद्या आजीच्या तोंडी, त्याचे मराठी बोल असतील तर केंद्राला पत्र जरूर पाठवा.